कान जपा, कामावरही



इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव...
इथं यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो.
धोटा इकडून तिकडे आदळत राहतो.
शेजारच्या मागावरच्या माणसालाही ओरडून हाक मारावी लागते.

हीच खूण ध्यानात ठेवा.
हातभर अंतरावर ओरडून बोलावं लागतंय?
मग तो आवाज कानाला घातक आहे.

आपल्या आतल्या कानात केसांसारख्या नाजूक पेशी असतात.
त्या आवाज टिपतात.
रोजच्या गोंगाटानं त्या हळूहळू मरतात.
आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

कान दुखत नाही, म्हणून कळत नाही.
आधी बारीक, उंच आवाज जातात.
पाखरांची किलबिल, लहान मुलांचं बोलणं.
मग घरचे म्हणतात, "टीव्ही केवढ्यानं लावलाय!"
पाळी सुटल्यावर कानात गुणगुण होते?
तो इशाराच समजा.

कापसाचा बोळा पुरत नाही, मंडळी.
फोमचा इअरप्लग घ्या.
स्वच्छ बोटांनी तो वळून बारीक करा.
दुसरा हात डोक्यावरून न्या, कान वर आणि मागे ओढा.
प्लग आत सरकवा.
तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा.

मालकांनाही कळकळीची विनंती.
मागांना वेळेवर तेल द्या, सैल भाग आवळा.
आवाज यंत्रापाशीच कमी करणं हा खरा उपाय.

पुन्हा सांगते, गेलेली पेशी परत येत नाही.
गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कायद्यानं व्यावसायिक आजार मानला आहे.
तुमचा कामगार राज्य विमा असेल, तर विमा दवाखान्यात कानांची तपासणी मागून घ्या.