गार फवारा आणि कामावरची दुखापत
(उतई, भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय महागाई भत्त्याचा नाही, हे कळल्यावर मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठायच्या बेतात दिसतात. त्यांनी कृपा करून बसावे. विषय लहान आहे, एका डब्यात मावणारा आहे. पण तो डबा आता गँगच्या टूल बॉक्समध्ये, टपाल कचेरीच्या कपाटात आणि आपल्या पोरांच्या खेळाच्या पिशवीत जाऊन बसला आहे. पाय मुरगळला, गुडघा आपटला की फुस्स करून मारायचा तो गार फवारा.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि हा फवारा घरोघर टी.व्ही.वर दिसला. खेळाडू पडतो, एक माणूस धावत येतो, पायावर पांढरा धूर सोडतो आणि खेळाडू उठून पुन्हा चढाईला जातो. इथे उतईत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, भिलाईत मैदाने आहेत, आपल्या वसाहतीतली मुलेही खेळतात. सगळ्यांनी ते पाहिले आणि समज असा झाला की फवाऱ्याने दुखापत बरी होते. तशी ती होत नाही. फवारा कातडी बधिर करतो, तीही मिनिटभरच. आत हाडाला तडा असेल तर तो तसाच राहतो.

हे होते कसे, ते सांगतो. मे महिन्यात माठातले पाणी गार राहते, कारण बाहेर पाझरलेले पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. डब्यातले औषधही असेच उडते, फक्त फार वेगाने. डॉक्टर लोक यासाठी बरीच वर्षे इथाइल क्लोराइड वापरत आले आहेत. ते साधारण १२ अंशांवर उकळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते उघड्यावर द्रव म्हणून राहूच शकत नाही. डब्यात दाबाखाली असते, बाहेर पडले की कातडीवर उकळते आणि कातडीची उष्णता ओढून घेते. कातडी शून्याच्या खालीसुद्धा जाऊ शकते. थंडीने वेदना मरते हे माणसाला जुने ठाऊक आहे. नेपोलियनच्या फौजेतला शल्यविशारद लारे याने १८०७ साली आयलाऊच्या लढाईत, बर्फात गोठलेल्या सैनिकांचे पाय कापताना त्यांना वेदना कमी होते हे टिपले होते. पण त्याच थंडीने सैनिकांची बोटेही झडली, तेही ध्यानात ठेवा.

दुकानात ‘स्प्रे’ मागितला की तीन वेगळ्या गोष्टींपैकी काहीही हातात पडते. एक हा गार करणारा. दुसरा वेदनाशामक, ज्यात डायक्लोफेनॅक, मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट अशी नावे असतात. तो गार लागतो, पण ती मुख्यतः मेन्थॉलची करामत, पेपरमिंटच्या गोळीसारखी. त्यातले औषध कातडीतून अंगात जाते, म्हणून ॲस्पिरिन सोसत नाही त्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मारू नये. तिसरा लिग्नोकेनचा, जो दातांचे डॉक्टर तोंडात मारतात. तो औषधाने बधिर करतो, थंडीने नव्हे. तिन्हींचे नियम निराळे आहेत, तेव्हा आधी डब्यावरचे नाव वाचा. अक्षर बारीक असते, कबूल आहे. चष्मा लावा, नाहीतर पोराकडून वाचून घ्या.

आता गार फवारा मारायची रीत. डबा कातडीला टेकवायचा नाही, वीतभर अंतर ठेवायचे. चार-पाच सेकंद मारायचा, दहाच्या वर कधीच जायचे नाही. कातडीवर पांढरी खर दिसली की त्या क्षणी बोट काढायचे. आपल्यातले काही जण खर दिसली की ‘आता लागू पडले’ म्हणून आणखी मारतात. ती खर म्हणजे कातडी गोठू लागल्याची खूण आहे. पुन्हा मारायचा तर कातडी पूर्ण ऊबदार होऊ द्या. डोळे, तोंड, नाक आणि उघडी जखम यांवर मारायचा नाही. भाजलेल्या जागेवरही नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या पायाला मुंग्या येतात किंवा ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा मंद आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आधीच बधिर असलेल्या पायाला किती गोठलो ते कळत नाही. आपल्यात पन्नाशी ओलांडलेले किती आहेत आणि त्यांतल्या किती जणांनी साखर तपासली आहे, ते ज्याचे त्याने मनात मोजावे. चुकून कातडी पांढरी, टणक झाली, फोड आला, तर चोळू नका, शेगडीजवळ धरू नका. कोमट पाण्यात बुडवा आणि दवाखाना गाठा.

पोस्टमन बांधवांना एक वेगळे सांगायचे आहे. कुत्रा चावला तर आग होते, सूज येते, आणि कोणीतरी फवारा घेऊन पुढे येतो. त्याला थांबवा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. वेदना गेली की माणूस लस उद्यावर टाकतो, आणि रेबीजमध्ये एकदा लक्षणे दिसली की वाचणे जवळपास अशक्य असते. गँगवाल्यांना सापाचे तेच सांगणे. दंशावर गार काही मारायचे नाही, आवळून बांधायचे नाही. पाय हलू न देता सरळ इस्पितळ.

आता आगीचे. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपण काम करतो त्या जागाच तशा आहेत. इथाइल क्लोराइड पेट घेते. इतर फवाऱ्यांतही औषध बाहेर ढकलायला बहुधा जळणारा वायूच भरलेला असतो. इथाइल क्लोराइडची वाफ हवेपेक्षा दुपटीहून जड, ती वर उडून जात नाही, खाली साचते. दुर्गच्या पिट लाइनवर डब्याखाली काम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. खड्ड्यात फवारा मारला तर वाफ खड्ड्यातच बसणार, आणि शेजारी कोणी ग्राइंडर लावला किंवा बिडी पेटवली तर पुढचे सांगायला नको. रुळावर ए.टी. वेल्डिंग चालू असेल, गॅस कटिंग चालू असेल, गँग हटमध्ये चहाचा स्टोव्ह पेटला असेल, तिथे हा डबा काढायचा नाही. जखमी माणसाला बाजूला, मोकळ्या हवेत न्या आणि मग काय ते करा.

आणि डबा ठेवता कुठे? भिलाई मार्शलिंग यार्डात, चरोद्याला, लोखंडी पेटीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. सावलीत ४५ असेल तर उन्हातल्या लोखंडी पेटीत किती, ते हात लावून पाहिलेल्यांना माहीत आहे. बहुतेक डब्यांवर ५० अंशांच्या वर नेऊ नका असे छापलेले असते. दाबाचा डबा तापला तर फुटतो. तो खोलीत, सावलीत, कुलपात ठेवा. रिकामा झाला म्हणून भोक पाडू नका, कचऱ्याच्या आगीत टाकू नका.

कुलपात म्हणालो त्याला दुसरेही कारण आहे. स्टेशनवर पंक्चरचे सोल्यूशन हुंगणारी पोरे आपण पाहिली आहेत. ही वाफही तशीच हुंगली जाते. एके काळी भूल द्यायला इथाइल क्लोराइड वापरत. हृदयावर घाला घालते म्हणून डॉक्टरांनीच ते सोडले. हुंगणाऱ्याचे हृदय अचानक बंद पडू शकते. घरात तरुण मुले असतील तर डबा कपाटावर उघडा ठेवू नका.

प्रवासात आणि टपालात याचे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक वस्तू गाडीत बेकायदा नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टपालातही ज्वालाग्राही वायूचा डबा स्वीकारायचा नसतो. काउंटरवरच्या भगिनींनी ‘आत काय आहे’ हे विचारायला संकोच करू नये. पुढे ती पिशवी आर.एम.एस.मध्ये कुणाच्या तरी डोक्यावरून जाते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ज्या रुळावर आपण काम करतो तो इथेच, भिलाईच्या कारखान्यात बनतो. मीटरला ६० किलो. १३ मीटरचा एक तुकडा म्हणजे ७८० किलो. तो उचलताना, सरकवताना घोटा वळला, तर कातडी बधिर करून माणसाला पुन्हा त्याच रुळाखाली हात घालायला लावणे हे उपचार नव्हेत. एका सेक्शनमध्ये घडलेले सांगतो, नाव घेत नाही. ट्रॅकमनचा घोटा वळला, सोबत्यांनी प्रेमाने फवारा मारला, वरिष्ठ म्हणाले ‘उठला की नाही, बघा’. तो उठला. ब्लॉक संपेपर्यंत उभा राहिला, आणखी दोनदा फवारा मारून घेतला. रात्री बूट निघेना. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत हाड मोडलेले निघाले. आणि कागदावर काय? काहीच नाही. दिवसभर काम केल्याची सही होती. मग दुखापत ड्युटीवर झाली हे सिद्ध करायला आम्हाला साक्षीदार गोळा करत फिरावे लागले.

शिवाय बधिर पायाचा माणूस रुळावर उभा असतो, हेही ध्यानात घ्या. गाडी आली, लुक-आऊटमनने शिट्टी मारली, तर त्याला गिट्टीवरून उडी मारून बाजूला व्हायचे असते. त्या घोट्याचा भरवसा काय?

खेळातही तेच. २०२२ च्या ऑक्टोबरात छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झाले आणि त्याच महिन्यात राज्यात कबड्डी खेळताना जखमी झालेल्या खेळाडूंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. त्याचे खापर मी फवाऱ्यावर फोडत नाही. एवढेच म्हणतो की डोक्याला, मानेला मार लागला असेल, हाड वाकडे दिसत असेल, पायावर भार घेता येत नसेल, तर फवारा पिशवीतच राहू द्या आणि माणूस दवाखान्यात न्या. साधा मुरगळा असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, पाय उंच, आणि त्या दिवशी काम बंद. बर्फ स्वस्त आहे आणि पेट घेत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. लागले की आधी मुकादमाला, सुपरवायझरला, पोस्टमास्तरांना सांगा आणि वेळेसह लेखी नोंद करून घ्या. मग उपचार. पूर्वी हॉस्पिटल लीव्ह आणि स्पेशल डिसॅबिलिटी लीव्ह अशा वेगळ्या रजा होत्या. सातव्या वेतन आयोगानंतर त्या एकत्र करून कामामुळे झालेल्या आजार-दुखापतीची एकच रजा केली आहे. इस्पितळात दाखल असेपर्यंत तिच्यात पूर्ण पगार मिळतो. पण दुखापत कामावर झाली हे आधी कागदावर यावे लागते, आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी सभेनंतर टपालच्या साथींजवळ थांबावे.

टेबलावर तीन डबे ठेवले आहेत, तीन प्रकारचे, तिन्ही रिकामे. पुढे येऊन त्यांवरचा मजकूर वाचा आणि आपल्या टूल बॉक्समधला कोणता ते ओळखा. प्रश्न असतील ते आता विचारा. दोन वाजताच्या पाळीवर जायचे आहे त्यांनी आधी.