कल्याण कुणाच्या पगारात गेलं?

हा भाग खोपटच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघत ऐकत असाल, तर ठाण्याचं कारागृह तुमच्यापासून फार लांब नाही. ते कारागृह म्हणजेच ठाण्याचा किल्ला. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं खाडीच्या अलीकडे कंपनी आणि पलीकडे पेशवे, अशी हद्द होती. ती पुसली गेली ती लढाईनं नाही, तर फौजेच्या खर्चावरून.

३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीचं सहा हजारांचं पायदळ कायमचं ठेवून घेतलं. त्याचा पगार कुणी द्यायचा? पेशव्यांनी. आणि तो रोख नाही, तर वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून. रोख रक्कम थकते, मुलूख थकत नाही, हे कंपनीला पक्कं कळलेलं होतं. आदल्याच वर्षी अवधच्या नवाबाकडून तिनं याच हिशेबात जवळपास अर्धं राज्य काढून घेतलं होतं.

पण खरी गंमत पुढच्या कलमात आहे. युद्ध झालं तर पेशव्यांनी स्वतःचे दहा हजार घोडेस्वार आणि सहा हजार पायदळ आणायचं. हे जमणारं नव्हतंच. म्हणून वर्षभरात आकडा निम्मा केला: पाच हजार स्वार, तीन हजार पायदळ. वाटलं, सुटलो! पण आकडा कमी झाला तरी जबाबदारी कागदावर तशीच राहिली.

मग १८१५मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. संशय पेशव्यांचे लाडके त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. एल्फिन्स्टननं त्यांना मागून घेतलं आणि याच ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. असं सांगतात की बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा आणि पळण्याचा बेत त्या मराठी गाण्यांतून आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठी कुठे येत होतं! सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार.

कंपनीनं त्याचा पुरेपूर वापर केला. १३ जून १८१७च्या पुण्याच्या तहात तेच पाच हजार आणि तीन हजार पुन्हा टेबलावर आले. फौज आता कंपनीच उभी करणार, हुकूमही कंपनीचाच, खर्च मात्र पेशव्यांचा: ३४ लाखांचा मुलूख. त्यात बेलापूर आलं, कल्याण आलं, आणि घाट ते समुद्र, वर गुजरातपर्यंतची सगळी पट्टी आली.

माझं मत विचाराल, तर बाजीरावांना नुसतं भित्रा म्हणणं सोपं आहे. पण १८०३मध्ये आकडा कमी करून घेताना त्यांनी ते कलमच काढायला लावायला हवं होतं. तेव्हा होळकर-शिंद्यांच्या धास्तीत ते कुणाला सुचणार?

खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ला. म्हणजे पहिली तोफ उडायच्या आधी जवळपास पाच महिने कल्याण गेलेलं होतं.

पुढच्या भागात खडकीला जाऊ. भेटू!