पहिल्या नोंदीचा प्रश्न



स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे या नागपूर नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. ब्लॉकचेनचा प्रसार दरिद्री राष्ट्रांत कोणत्या रीतीने होत आहे आणि संपन्न राष्ट्रांत कोणत्या, याचा ऊहापोह करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत; आणि ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे महसुली दप्तरांच्या सान्निध्यात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाने या विषयाकडे नोंदवहीच्या बाजूने पाहावे, हे आपणांस स्वाभाविक वाटेल अशी मला आशा आहे.

२००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधातून बिटकॉइनची, आणि त्याच्याबरोबर या नव्या वहीची, म्हणजे ब्लॉकचेनची, कल्पना जगापुढे आली. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा उमटलेला असावा, वहीच्या प्रती अनेकांच्या स्वाधीन असाव्यात, आणि त्यामुळे एका ठिकाणी केलेली खाडाखोड सर्वत्र उघडी पडावी, अशी तिची रचना आहे. ज्या देशांत दप्तर ऐन वेळी गहाळ होते, फेरफार परस्पर मंजूर होतो, विधवेच्या नावची जमीन तिच्या नकळत दुसऱ्याच्या नावे चढते, त्या देशांना या वहीचा मोह पडला यात नवल ते काय?

होंडुरासमध्ये २०१५ साली जमिनीची मालकी या वहीत नोंदवण्याची योजना एका अमेरिकी कंपनीच्या साहाय्याने मोठ्या गाजावाजाने जाहीर झाली, आणि वर्ष सरता सरता राजकारणात अडकून थंडावली. पुढच्याच वर्षी काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियाने हेच काम हाती घेतले आणि तडीस नेले. दोन वर्षांच्या आत तेथील दहा लाखांहून अधिक मालकीनोंदींचे ठसे बिटकॉइनच्या सार्वजनिक साखळीत गुंफले गेले. दोन्ही देश अल्प साधनांचे, तंत्र एकाच जातीचे, आणि फळ मात्र इतके भिन्न. याचे कारण शोधायला २००४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या साली जॉर्जियाने लाचखाऊ म्हणून बदनाम झालेले नोंदणी खाते मोडून नवी राष्ट्रीय नोंदणी संस्था उभारली, जुन्या नोकरवर्गातील पुष्कळांना रजा दिली, आणि जे राहिले व जे नव्याने आले त्यांचे पगार वाढवले. वही लिहिणारा हात बारा वर्षे अगोदर स्वच्छ झाला होता, आणि साखळी त्याच्यामागून आली.

हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्लॉकचेनला खरी नोंद आणि खोटी नोंद यांतला भेद कळत नाही. जे लिहिले ते ती सारख्याच निष्ठेने जपते. गावच्या दप्तरातील लबाडीचा फेरफार निदान प्रांतसाहेबांच्या एका हुकमाने रद्द होतो. या वहीत शिरलेल्या असत्याला मात्र अढळपद मिळण्याचे भय आहे.

संपन्न देशांत हा प्रश्न इतका तीव्र नाही. स्वीडनच्या भूमापन खात्याने २०१६ पासून प्रयोग केले, पण तेथे मालकीविषयी कोणाला संशय नव्हता. खरेदीचा करार आणि त्याची नोंद यांच्यामध्ये जाणारे महिने वाचावेत एवढाच हेतू होता. ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजाराने आपली जुनी व्यवहारपूर्तीची यंत्रणा बदलून ब्लॉकचेनवर नेण्याचा घाट कित्येक वर्षे घातला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत खाती मांडून तो सोडून दिला. बाजार त्याच जुन्या यंत्रणेवर पूर्ववत चालू राहिला.

फसलेला प्रयोग असा पचवण्याची ऐपत एल साल्वादोरसारख्या देशाजवळ नसते. ७ सप्टेंबर २०२१ रोजी तेथील सरकारने बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला आणि सरकारी डिजिटल पाकीट उघडणाऱ्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात ३० डॉलरचे बिटकॉइन जमा केले. लोकांनी ते खर्चून टाकले, बहुतेकांनी पाकिटाकडे पुन्हा पाहिले नाही, अमेरिकेतल्या आप्तांचा पैसा जुन्याच मार्गांनी येत राहिला, आणि नाणेनिधीचे १.४ अब्ज डॉलरचे कर्ज पदरात पाडून घेताना २०२५ च्या आरंभी बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती मागे घ्यावी लागली. उलट नायजेरियात मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना आभासी नाण्यांच्या व्यवहारांची मनाई केली आणि त्याच वर्षी आपले डिजिटल चलन, ई-नायरा, काढले. तेथील तरुण व्यापाऱ्यांनी मनाई मानली नाही आणि ई-नायराही फारसा स्वीकारला नाही. नायरा हातातल्या हातात झिजत होता आणि परदेशी मालाचे पैसे चुकते करण्यास बँकेत डॉलर मिळत नव्हता, म्हणून त्यांनी डॉलरशी बांधलेली आभासी नाणी परस्परांत घेतली-दिली. अशी गरज पोटातून आलेली असते. फर्मान काढून ती निर्माण करता येत नाही.

जॉर्डनमधील अझ्राकच्या निर्वासित छावणीने मला अधिक विचारात टाकले आहे. तेथे जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१७ पासून मदतीचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवला. सीरियातून जीव वाचवून आलेली स्त्री छावणीतील दुकानात धान्य आणि तेल घेते, गल्ल्यापाशी यंत्राकडे पाहते, बुबुळावरून तिची ओळख पटते आणि रक्कम खात्यातून वजा होते. मधल्या बँकांचे शुल्क वाचते. ही सोय मोठी आहे, हे मी मनापासून मानतो. पण आरंभी त्या वहीच्या साऱ्या प्रती एकाच संस्थेच्या ताब्यात होत्या, आणि आपल्या डोळ्यांची खूण द्यावी की न द्यावी, हे ठरवण्याची मोकळीक भुकेल्या माणसाला कितपत असते?

आमच्या विदर्भातही, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे, सुमारे ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम २०२२ मध्ये हाती घेतला गेला. बनावट दाखल्यांवर आदिवासींच्या हक्काच्या जागा लाटल्या जातात, ही वेदना येथे फार जुनी आहे. दाखल्याचा अस्सलपणा एका क्यूआर कोडवरून पडताळता यावा, हे त्या दुःखावरचे योग्यच औषध आहे. मात्र दाखला देण्यापूर्वी अर्जदाराच्या आजा-पणजाची शाळेतील वा महसुली नोंद कोणी पाहिली आणि कशी पाहिली, याचा जाब तेथेही माणसालाच द्यावा लागणार.

याच कारणाने संगणकतज्ज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्याबरोबर तलाठी, मंडळ अधिकारी आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीतील कारकून यांनाही समितीने अगत्याने पाचारण केले आहे. ते या सभागृहात उपस्थित आहेत. प्रतिनिधींनी आपल्या योजना प्रथम त्यांच्यापुढे मांडाव्यात आणि त्यांच्या शंका टिपून घ्याव्यात, एवढी विनंती करून मी अध्यक्षमहाशयांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची प्रार्थना करतो.