सावलीशी पुन्हा गाठ

(व्याख्यानमालेत हसनाबाद येथे दिलेले व्याख्यान)



देवगिरीच्या अंधारीतून आपल्यापैकी बहुतेक जण एकदा तरी गेलेले असतील. आपल्याकडची शाळेची सहल वेरूळ-दौलताबाद केल्याशिवाय परततच नाही. खडकात कोरलेला तो वळणावळणाचा बोगदा, पायाखाली उंचसखल पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं. मध्येच एका ठिकाणी उजेड दिसतो. शत्रूला वाटायचं, सुटलो. तो उजेडाकडे धावायचा आणि थेट खंदकात कोसळायचा, असं वाटाडे सांगतात. सहलीत हे ऐकताना मला एकदम वाटलं, ही जागा आपल्या ओळखीची आहे. ती मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिली होती.

त्या खेळाचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो केला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. आमच्यापर्यंत यायला त्याला बरीच वर्षं लागली. तालुक्याच्या गावातला कॉम्प्युटर क्लास, एका मशीनवर तीन पोरं. एकाने खेळायचं, दुसऱ्याने घड्याळ सांभाळायचं, आणि तिसऱ्याने गणिताच्या चौकटीच्या वहीत नकाशा काढायचा. तळघरातून निघून बारा टप्पे ओलांडायचे आणि राजकन्येला सोडवायचं, तेही साठ मिनिटांत. मेलात तर टप्पा पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. आमच्याकडे त्या साठ मिनिटांत लाइटही टिकावी लागायची. चाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला की तिघेही काही न बोलता बसून राहायचो.

आठव्या टप्प्यात राजपुत्र कोंडला जातो. जाळी बंद, दुसरी वाट नाही. थांबून राहिलं की राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येतो, कळ दाबतो आणि जाळी उघडते. राजूरच्या गणपतीच्या मुलखातल्या आम्हा पोरांना तो उंदीर घरचाच वाटला. आमची वही मात्र तिथेच थांबली. सुट्टी संपली, पुढची पानं कोरी राहिली.

अशा खेळांची सुरुवातच मुळी एका खऱ्या गुहेपासून झाली. विल क्राउदर हा प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा होता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहांचे नकाशे करण्याच्या कामात तो होता. घटस्फोटानंतर मुली दुरावल्यासारख्या झाल्या, म्हणून त्यांच्यासाठी १९७६ च्या सुमारास त्याने ती गुहा कॉम्प्युटरमध्ये उतरवली. चित्र एकही नाही, नुसते शब्द: तुम्ही अमुक जागी उभे आहात, कुठे जाता? १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली. एका बापाने लेकींसाठी केलेली ही गुहा साहसी खेळांचं मूळ आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरी शाखा भूमिकांच्या खेळांची. १९७४ मधला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ तिचं मूळ. पुढे ‘अल्टिमा’, ‘फायनल फँटसी’ असे खेळ आले. आपण याला सोंग घेणं म्हणतो. फरक एवढाच की इथे सोंगाने काय बोलावं, कुणाला मारावं, कुणाला सोडावं हे आपण ठरवायचं.

गेल्या दिवाळीत मी ‘प्रिन्स’ पुन्हा खेळलो. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम आहे, त्यात जुने खेळ आजच्या मशीनवर चालतात. डोकं सगळं विसरलं होतं, बोटं काही विसरली नव्हती. आणि लहानपणी निसटलेलं एक एक दिसू लागलं. चौथ्या टप्प्यात वाटेवर आरसा उभा राहतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राचीच सावली बाहेर पडून उलट्या दिशेला पळते. पुढे ती त्याचं औषध पिऊन टाकते, त्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर ठाकते. तुम्ही वार केलात की घाव तुम्हालाच बसतो. वाट एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात शिरायचं. दोघे एक होतात.

पोरवयात हे हाती लागलं असतं तर मी त्याला युक्ती म्हणून सोडून दिलं असतं. आता मी तो टप्पा संपवून बराच वेळ तसाच बसलो.

ही सावली आली कुठून? मेक्नरला राजपुत्रासमोर प्रतिस्पर्धी हवा होता, पण ॲपल टू या मशीनच्या मेमरीत नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं रंग फिरवून वापरली. राजपुत्राचं धावणं, उड्या मारणं तर त्याने धाकट्या भावाचं व्हिडिओ चित्रण करून त्यावरून उतरवलं होतं. खेळातली सर्वांत खोल गोष्ट जागेच्या टंचाईतून निघाली, आणि टंचाई काय असते हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

त्या खेळाचा मूळ कोडही हरवला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरात फ्लॉप्यांचा खोका सापडला, जाणकारांनी त्या वाचल्या, आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. माळ्यावर जुन्या गेमच्या कॅसेटी असतील, फ्लॉप्या असतील, नकाशे काढलेल्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. फ्लॉपीवरची चुंबकी खूण वर्षागणिक विरत जाते.

जुना राजपुत्र मला एका नव्या खेळातही भेटला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. दैत्यांनी पळवलेल्या भावाला शोधणारी कसरतपटू मुलगी, वरून तिच्याकडे पाहणारे दुर्गा आणि विष्णू, आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी कथा. राजी भिंतीवरून धावली, तेव्हा माझ्या बोटांना जुना राजपुत्र आठवला.

ती चौकटीची वही नकाशा काढणाऱ्या मित्राकडे अजून आहे. दिवाळीत मी खेळत गेलो आणि तो फोनवर ऐकून उरलेली पानं भरत गेला. सावली अंगात शिरल्यावर पुढे जमीनच नाही, नुसती पोकळी. तरी पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटते. ही वाट कागदावर कशी दाखवायची, यावर आमचा बराच खल झाला. शेवटी त्याने पेन्सिलीने ठिपके काढले.