पटवाऱ्याचा बस्ता आणि संगणक
(आकाशवाणीवरील भाषण)



ग्वाल्हेरला आलेला मराठी पाहुणा किल्ला चढतो, जयविलास महाल पाहतो, तानसेनाच्या समाधीपाशी दोन क्षण बसतो. मोतीमहालाकडे मात्र कोणी फारसं वळत नाही. शिंदे सरकारचं सचिवालय तिथं होतं. 1956 साली नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, पण महालेखाकार, राजस्व मंडळ, आबकारी, परिवहन अशी काही मोठी खाती ग्वाल्हेरलाच राहिली. त्यांतलंच एक भू-अभिलेख आयुक्तांचं कार्यालय, याच मोतीमहालात. राज्यातल्या गावोगावच्या पटवाऱ्यानं खसरा कसा लिहावा, नकाशा कसा ठेवावा, याच्या सूचना निघत त्या इथून.

खसरा म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा भाऊ. आपला तलाठी तो तिकडचा पटवारी, आपलं दप्तर ते त्याचा बस्ता. कापडात बांधलेल्या या बस्त्यात गावाची सगळी जमीन असायची: कोणाची, किती, त्यात काय पेरलं, कोणाकडे गहाण आहे. हा बस्ता संगणकात कसा गेला, याबद्दल आज बोलायचं आहे. कारण एखाद्या संस्थेत नवी संगणक यंत्रणा कशी आणावी आणि कशी आणू नये, हे दोन्ही या एका कामात शिकायला मिळतं.

केंद्र सरकारनं 1988-89 मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. मध्यप्रदेशातून निवडला मुरैना, ग्वाल्हेरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, चंबळच्या काठचा. आणि महाराष्ट्रातून निवडला वर्धा. हे ऐकणाऱ्यांत वर्धेकर असतील तर त्यांनी अभिमानानं लक्षात ठेवावं, की या कामात तुमचा जिल्हा पहिल्या पंगतीला बसला होता.

पण या योजनेच्या मांडणीतच एक उणीव राहिली होती. संगणक बसवले ते जिल्ह्याच्या ठिकाणी. आणि जमिनीची नोंद बदलते कुठं? गावात आणि तहसिलीत. बाप वारला, वारस लागले. भावांनी वाटण्या केल्या. कोणी चार बिघे विकले. यातली प्रत्येक गोष्ट आधी पटवाऱ्याच्या कागदावर उमटते आणि तहसिलीत मंजूर होते. जिल्ह्याच्या संगणकात एकदा टंकलेला खसरा त्या दिवशी बरोबर असेल, पण पुढच्या हंगामाला तो शिळा झाला. तहसिलीपर्यंत संगणक न्यायचं ठरलं 1997-98 मध्ये. म्हणजे नोंद जिथं जन्मते तिथं यंत्र पोहोचवायचा निर्णय व्हायलाच नऊ वर्षं लागली. माझं स्पष्ट मत आहे की हा खर्चाचा प्रश्न नव्हता, आखणीचा होता. काम कोण करतो, कुठं बसून करतो, हे आधी नीट पाहिलं असतं तर ही वर्षं वाचली असती.

दुसरी अडचण अक्षरांची. त्या काळचे संगणक इंग्रजी अक्षरं ओळखत. ते देवनागरीत चालावेत यासाठी कानपूरच्या आयआयटीत जिस्ट हे तंत्र तयार झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते वाढवलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 साली ठरलं. अक्षरं उमटली, पण नावांचं काय? चंबळच्या मुलखात एकाच माणसाचं नाव एका पानावर रामसिंह, दुसऱ्यावर रामसिंग. पटवाऱ्याला माहीत असतं की दोन्ही एकच, कारण त्यानं त्या माणसाच्या ओसरीवर पाणी प्यायलेलं असतं. संगणकाच्या लेखी ते दोन खातेदार. मापांचीही हीच गत. वीस बिस्व्यांचा एक बिघा हे ठीक, पण बिघा मुलखागणिक लहानमोठा होतो आणि नव्या खात्यात तर हेक्टर लिहायचे. मध्यप्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेचं कलम 117 सांगतं, की अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरायची. आता विचार करा: टंकताना एक अंक चुकला, तर तो चुकला हे सिद्ध करण्याचं ओझं येतं त्या शेतकऱ्यावर.

कर्नाटकानं 'भूमी' प्रकल्पात हे काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथंही 1991 चा पहिला प्रयोग गुलबर्ग्यात फसला होता, आणि कारण तेच: बदल टिपायची सोय नव्हती. मग त्यांनी संगणक तालुक्यात नेले. सुमारे 67 लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे भरले. छापलेले उतारे गावच्या लेखपालानं आपल्या वहीशी ताडून पाहिले. आणि मग जे केलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: एकेका तालुक्यात तारीख ठरवून हातानं लिहिलेला उतारा बेकायदा ठरवला. त्या तारखेनंतर छापील उतारा, तेव्हा पंधरा रुपयांत मिळणारा, हाच खरा. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमानं निकाली काढायचे, मधे कोणाला पुढं घालता येणार नाही, हे संगणकातच बांधून टाकलं.

जुनी वही बंद करायला धीर लागतो. एका कार्यालयात मी स्वतः पाहिलं आहे, संगणक आले तरी वह्या चालूच. वर्ष सरता सरता दोन्हींत फरक पडले आणि वाद आला की वहीच खरी धरली जाई. तिथले कारकून आळशी नव्हते. एकच नोंद दोनदा करून ते थकत होते आणि यातली कोणती नोंद उपयोगाची, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या हातून काम व्हायचं त्यांना आखणीच्या बैठकीत एकदाही बोलावलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

महाराष्ट्रानं 2017 साली एक फार चांगली गोष्ट केली. संगणकातले सातबारे छापून गावोगाव चावडी वाचन केलं. गावासमोर उतारा मोठ्यानं वाचायचा, चूक निघाली तर तिथंच सांगायची. ज्याची जमीन त्याच्याच कानावर नोंद घालायची ही जुनी रीत नव्या यंत्रणेच्या कामी आली. त्यानंतर 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

ग्वाल्हेर-मुरैन्याकडे ज्यांची अजून थोडीबहुत जमीन आहे अशी कितीतरी मराठी कुटुंबं आज पुण्या-मुंबईत आणि इंदुरात आहेत. त्यांना आणि वर्ध्याच्या शेतकऱ्यांनाही माझी एक विनंती. आपला खसरा, आपला सातबारा या आठवड्यात काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर तो शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा. नाव, वारस, क्षेत्र, बोजा, यांत काही चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या. कोणती मेर कोणाची, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती माणसं आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम करून घ्या.