स्वतःविषयीचे चुकीचे निष्कर्ष

नैराश्यात माणसाचे स्वतःविषयीचे विचार ठरावीक वळणांनी चुकत जातात. मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेल्या अमेरिकेतील ॲरन बेक यांना रुग्णांच्या स्वप्नांत दडपलेला राग सापडेल अशी अपेक्षा होती. आढळले ते अपयश आणि गमावल्याचे दुःख. १९६३ साली त्यांनी या रुग्णांच्या विचारांतील तर्कदोष नोंदवले. अशा तर्कदोषांच्या, म्हणजेच विचारविकृतींच्या, अभ्यासाचा पाया असा रचला गेला.

पाच विषयांत उत्तम गुण आणि गणितात नापास, एवढ्यावरून विद्यार्थी ‘मी ढच आहे’ असे ठरवतो. इथे एका अनुभवावरून सरसकट निष्कर्ष निघतो आणि पाच विषयांचे यश हिशेबातच धरले जात नाही. पुढे मित्राने फोन उचलला नाही, तरी ‘तो मला टाळतो’ हे पुराव्याविना खरे वाटते. असे विचार क्षणात, आपोआप येतात, म्हणून ते तपासलेच जात नाहीत. त्यांची खरी हानी इथेच आहे. खचलेला विद्यार्थी अभ्यास सोडतो, गुण आणखी घसरतात आणि मूळ समजुतीला जणू पुरावाच मिळतो. स्वतः, जग आणि भविष्य या तिन्हींविषयी निराशा दाटते.

बोधनात्मक उपचारपद्धतीत रुग्ण असा विचार कागदावर उतरवतो, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडतो. केवळ ‘सकारात्मक राहा’ म्हणण्यापेक्षा हे निश्चितच वेगळे आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची याच्याशी जवळीक असलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे.