गंजलेला बोल्ट आणि बाईचा जोर

(वाहनचालक स्त्रियांच्या दुरुस्ती-वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाईच्या हातात पाना दिसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, राहू द्या, त्याला जोर लागतो." आज या जोराचाच हिशोब मांडू या.

मारुती ८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या या प्रत्येक गाडीनं दहाहून जास्त पावसाळे काढले आहेत. सायलेन्सरच्या जोडावरचे नट-बोल्ट लवकर गंजतात, कारण तिथे चिखल, पाणी आणि उष्णता तिन्ही पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो फुगून बसतो आणि नट जाम होतो. अशा वेळी नुसता जोर लावला तर नटाचे कोपरे झिजतात, नाहीतर बोल्ट तुटतो. पैलवानाच्या हातूनही हेच होतं.

मग करायचं काय? सायलेन्सर थंड होऊ द्या. तारेच्या ब्रशनं आटे घासा. गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा टाका. नटावर घट्ट बसेल असा सहा कोनी गोटी पानाच घ्या. बोल्टच्या टोकावर हातोडीचे बेताचे ठोके द्या, गंजाची पकड सुटते. नट आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं हलवा, मग उलट फिरवा. थोडा पुढे, थोडा मागे.

तरीही हलेना, तर पान्याला पाइप जोडा. २० सेंटिमीटरचा दांडा ६० सेंटिमीटरचा झाला की तोच हात तिप्पट काम करतो. जोर कमी पडतो तिथे लांबी वाढवायची, एवढंच. झटका मात्र द्यायचा नाही. शेवटचा उपाय म्हणजे नट तापवणं. पेट्रोलची टाकी, नळी किंवा ब्रेकचे रबरी पाइप जवळ असतील, तर ज्योत लावायचीच नाही. तेल टाकलंय तिथे ते पेट घेऊ शकतं, म्हणून आधी पुसून घ्या. अशा वेळी नट कापून काढणं बरं. नवीन नट स्वस्त असतो.

यात ताकदीचा वाटा किती आणि माहितीचा किती, ते तुम्हीच पाहा. ही माहिती उस्ताद पोराला देतो, मुलीला देत नाही. बाईला यंत्रापासून लांब ठेवणं हेच तिचं रक्षण, असं कायद्यानंही मानलं. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २२मध्ये, इजेचा धोका असेल तिथे, चालू यंत्र साफ करायला, त्याला तेल घालायला बायकांना आणि अल्पवयीनांना मनाई होती. प्रौढ बाई आणि अजाण पोर एका ओळीत! धोका खरा होता. पण तो पुरुषालाही होताच ना? रक्षण करायचं तर यंत्र सुरक्षित करा, शिकवा.

म्हणून आपण सुरक्षिततेचे नियम स्वतः पाळायचे. गाडी सपाट जमिनीवर, चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. खाली घोड्या हव्यातच. डोळ्यांना चष्मा हवा, गंज डोळ्यांतच पडतो. ओढणी, पदर, बांगड्या आवरून घ्या.

आता बाहेर गाडी उभी आहे. पहिली कोण जाते ते तुम्ही ठरवा. घोड्या नीट लागल्या का, ते मात्र दोघींनी तपासायचं.